ओठ तिचे

बारकीला त्या दिवशी दुपारी, दवाखान्यात बसल्या जागी, स्वतःचाच आवाज ओळखू आला नाही. चेहरा ओळखला, खिडकी ओळखली, खिडकीच्या गजाला बांधलेली चिंधीसुद्धा ओळखली, कारण ती चिंधी तिनेच बांधली होती; पण आवाज मात्र कुणा परक्या मुलीचा वाटला. डोळ्यांच्या दवाखान्यात ती नंबर काढायची. अंधारी खोली, समोरच्या भिंतीवर उजळलेली अक्षरांची पाटी, आणि खुर्चीत बसलेल्या माणसाच्या नाकावर ती जड, गोल चौकट. तिच्यात एकेक भिंग सरकवायचं आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?" या एका प्रश्नावर बारकीचं अर्धं आयुष्य निघालं होतं. एक म्हातारे गृहस्थ नुकतेच प्रत्येक भिंगाला "दोन्ही सारखंच" म्हणून तिला वात आणून गेले होते. पुढचा माणूस आत यायचा होता, तेवढ्यात टेबलावरचा फोन थरथरला. अनोळखी नंबर आणि एक छोटासा व्हिडिओ. तिने सहज बोट लावलं. करड्या, डागाळलेल्या उजेडात मोकळ्या केसांची एक मुलगी खिडकीशी पाठमोरी उभी होती. ती वळली आणि म्हणाली, "तू जाऊन ये. मी कुठं जातेय? इथंच आहे."

अगं बाई, झिपरी! आणि आवाज किती गोड आहे कुणाचा तरी, असं बारकीच्या मनात आलं. बारीक, स्वच्छ, घासलेल्या पेल्यासारखा. मग तिने खालचा मजकूर वाचला. "मावशी, तुम्ही माझ्या आईच्या मैत्रीण ना? तुमचा नंबर फार शोधून मिळवला. हा आईचा आवाज. ती गेली तेव्हा मी जेमतेम चालायला लागले होते, त्यामुळे माझ्याकडे तिचं बोलणं एवढंच आहे. रविवारी भेटायला येऊ का?" बारकीने ते दोनदा वाचलं. कारण तो आवाज झिपरीचा नव्हताच. तो बारकीचा होता. दारातून पुढचा माणूस आत आला, खुर्चीत बसला, हनुवटी वर करून वाट बघू लागला. बारकीने भिंग सरकवलं. "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?" तिने विचारलं आणि इतक्या वर्षांत प्रथमच तिने तो प्रश्न कान देऊन ऐकला. आवाज कुठला, नुसती खरखर. वापरून वापरून विटलेल्या कापडासारखा. त्या माणसाने काय उत्तर दिलं ते तिला कळलं नाही, तिने अंदाजाने आकडा लिहिला, आणि मग भीती वाटून पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं.

सिनेमा काढणारे ते चौघे होते. मालक, चावीवाला, झिपरी आणि बारकी. मालक कसलाही मालक नव्हता; खिसा फाटका असताना सगळ्यांना हुकूम सोडायचा म्हणून मालक. त्याच्या डोक्यात सिनेमा शिरला होता आणि डोक्यातून तो निघावा म्हणून काढणं भाग होतं. चावीवाल्याचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. एका मेलेल्या फोटोग्राफरच्या अडगळीत त्यांना एक कॅमेरा सापडला होता, तोही घड्याळासारखाच चावीचा. चावी पिळायची आणि खटका दाबायचा, की तो शिवणयंत्रासारखा खडखडत चालायचा आणि अर्ध्या मिनिटाच्या आत धाप लागून थांबायचा. म्हणून त्यांच्या सिनेमात कुणीच फार वेळ बोलत नाही. पुढे कुठल्याशा स्पर्धेत एका परीक्षकाने लिहिलं होतं की दिग्दर्शकाने मौनाचा फार धीट वापर केला आहे, तेव्हा चावीवाला हसता हसता पायरीवरून घसरला होता. फिल्म मुदत उलटलेली, म्हणून चित्रावर सगळीकडे ढग उतरल्यासारखे डाग. गोष्ट एवढीच, की नवरा बाहेर जातो आणि बायको वाट बघते. नवऱ्याची फक्त पाठ दिसते, कारण नट न मिळाल्याने ती पाठ मालकाची होती. बायको झिपरी. बारकीकडे उरलेलं सगळं काम. कपाटाचा मोठा आरसा काढून त्याने उन्हाचा कवडसा झिपरीच्या तोंडावर टाकायचा, तिने नजर कुठे ठेवायची त्याची खूण म्हणून गजाला चिंधी बांधायची, आणि मालक चिडला की सगळ्यांना चहा करायचा. बारकीला नटी व्हायचं नव्हतं. म्हणजे, झालं असतं तर चाललं असतं. पण तिच्याकडे कुणी बघून विचार करावा असं तिच्यात काही नाही, हे तिने फार लवकर मान्य करून टाकलं होतं, आणि मान्य केलेल्या गोष्टीचं तिला पुढे दुःखही होत नसे. झिपरीकडे मात्र बघावं लागायचं. केस कधी बांधलेले नाहीत, ओढणी कधी जागेवर नाही, चालताना दहा ठिकाणी आपटणार. पण त्या खडखड्या कॅमेऱ्यासमोर उभी राहिली की तिच्यात काहीतरी स्तब्ध व्हायचं, आणि आरसा धरून बारकीचे हात भरून आले तरी तिला ते खाली करावेसे वाटत नसत.

कॅमेरा इतका आवाज करायचा की बोलणं नंतर वेगळं भरण्यावाचून इलाज नव्हता. त्यासाठी एका गायनमास्तरांचा जुना, मोठ्या चकत्यांचा टेपरेकॉर्डर मिळाला, पण एकाच दिवसापुरता. संध्याकाळी शिकवणीला तो त्यांना परत हवा होता. आणि त्याच्या आदल्याच दिवशी झिपरीला पावसात भिजवण्याची अक्कल मालकाची. पाऊस म्हणजे भिंतीवर चढून मालकाने झारीने ओतलेलं हौदाचं पाणी. दर वेळी पाऊस संपायच्या आधी चावी संपायची, नाहीतर चावी संपायच्या आधी पाऊस, आणि झिपरी दुपारभर तशीच निथळत उभी. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिच्या घशातून नुसती हवा येत होती. मालकाने कपाळावर हात मारला. भिंतींना गोधड्या टांगून तयार होत्या, प्रोजेक्टरचा आवाज येऊ नये म्हणून तो दाराबाहेर मांडून दाराच्या काचेतून आतल्या चादरीवर चित्र पाडलेलं होतं, मास्तरांचा रेकॉर्डर टेबलावर वाट बघत होता, आणि बोलणारी मुकी. तेव्हा झिपरीनेच बारकीकडे बोट दाखवलं. बारकीला सगळे संवाद पाठ होते. आरशामागे उभं राहून तिला दुसरं करायला तरी काय होतं? ती माइकसमोर उभी राहिली आणि झिपरी तिच्या शेजारी बसून तिचं मनगट हातात धरून राहिली. चादरीवरचे ओठ उघडायच्या क्षणभर आधी ती मनगट दाबायची. दाबलं की बोलायचं, सोडलं की थांबायचं. तिचा हात तापाने कढत होता. संध्याकाळपर्यंत सगळं झालं. नंतर झिपरी बरी झाल्यावर पुन्हा करू असं ठरलं होतं, पण मास्तर गाव सोडून गेले आणि झिपरीच म्हणाली, "राहू दे गं. माझ्यापेक्षा तूच बरी बोलतेस माझं." शेवटी नावांच्या पाट्या काढायच्या वेळी फिल्म संपत आली, म्हणून बारकीचं नाव राहून गेलं. त्याचंही तिला काही वाटलं नव्हतं. चौघांना ठाऊक होतं, आणि चौघांपलीकडे जग होतं कुठे?

मग जग आलं. झिपरीचं लग्न होऊन ती लांबच्या गावी गेली. मालकाने तो सिनेमा व्हिडिओ कॅसेटवर उतरवून तिला लग्नात भेट दिला आणि स्वतः सासऱ्याच्या फरशीच्या दुकानात बसू लागला. चावीवाला परदेशी गेला, तो कुठे आहे ते त्याच्या भावालाही ठाऊक नाही. झिपरीची पत्रं येत, एका ओळीत चार चुका आणि पानभर हसू. मग मुलगी झाल्याचं पत्र आलं, मग आजाराचं, आणि मग तिच्या नवऱ्याचं कोरडं, सरळ अक्षरातलं. ते पत्र बारकीने दवाखान्यातच वाचलं होतं, दोन माणसांच्या मधे. घडी घालून ठेवलं आणि पुढच्याला आत बोलावलं. घरी मूल तापाने फणफणलं होतं, दवाखान्यात रांग होती. माणूस इतक्या सहज आपल्या आयुष्यातून नाहीसं होऊ शकतं याचं तेव्हा तिला नवल वाटलं होतं, आणि नवल वाटण्यापलीकडे काही वाटलं नाही याची थोडी लाजही.

त्या आठवड्यात बारकी एकच काम करत होती. झिपरीचा खरा आवाज आठवत होती. भांडी घासताना, नळाखाली बादली भरताना, बसमध्ये उभ्याने. मुलीला सांगायचं, की हा तुझ्या आईचा आवाज नाही, तर मग ती लगेच विचारणारच, की तो कसा होता? झिपरीची बोटं आठवत होती, नखं कुरतडलेली. ओल्या केसांचा वास आठवत होता. ती काय काय बोलली होती तेही शब्दन् शब्द. पण ते शब्द कानाशी आणायला जावं तर तिथे बारकीचाच बारीक आवाज. त्या सिनेमाच्या भरात तो तिने इतक्या वेळा ऐकला होता, की आठवणीतली झिपरीसुद्धा आता बारकीच्याच गळ्याने बोलत होती. हे लक्षात आलं तेव्हा बारकी बादली भरून वाहायला लागली तरी तशीच उभी राहिली. आपण झिपरीच्या जागी जाऊन काहीतरी घेऊन बसलो आहोत आणि ते आता परत देता येत नाही, अशी धास्ती तिला लागून राहिली. शेवटी तिने फरशीच्या दुकानात फोन लावला.

"झिपरीचा आवाज?" मालक पलीकडून ओरडला, त्याच्यामागे कुणीतरी फरशा उतरवत होतं. "घोगरा होता की! जाडा. पुरुषी म्हणायचो आपण, ती मारायला धावायची."

"घोगरा म्हणजे कसा? जरा करून दाखव ना."

"वेडी का काय तू? आवाज करून दाखवतात होय?" मग त्याने फरशा उतरवणाऱ्याला जरा थांबायला सांगितलं. "नाही येत गं डोक्यात. दिसते ती. ऐकू येत नाही. तू कशाला उकरून काढतेयस आता हे सगळं?"

बारकीच्या नवऱ्याचंही तेच मत पडलं. तो गरीब माणूस, आयुष्यात कुणाच्या अध्यात ना मध्यात. "झाकली मूठ सव्वा लाखाची," तो म्हणाला. "त्या पोरीला आई मिळालीय ना त्यात? मग तू कशाला हिसकावून घेतेस? उलट पुण्य आहे तुझं." बारकीला ते पटलं. खरंच, यात वाईट ते काय? एक मुलगी एका आवाजाच्या आधाराने मोठी झाली. तो आवाज कुणाच्या घशातून आला याची चौकशी करणारे आपण कोण? ती येईल, तिला चार गोष्टी सांगू, आरशाची, झारीच्या पावसाची, हसवू आणि पाठवून देऊ. असं ठरवल्यावर शनिवारी तिला भूक लागली आणि नीट झोपही आली. फक्त एक गोष्ट राहिली होती. आपला आवाज त्या मुलीने ओळखला तर? मग तिने स्वतःशीच बोलून बघितलं, "मी कुठं जातेय? इथंच आहे," आणि हसली. त्या खरखरीत कुणी कुणाला ओळखणार नव्हतं.

मुलगी आली ती बापावर गेलेली. रुंद कपाळ, तेल न लावता चापून बसवलेले केस, एका रेषेत चालणारी. झिपरीचं काहीच नाही. बारकीला हायसं वाटलं आणि वाईटही. "या, बस गं," ती म्हणाली, आणि 'या' की 'ये' यात स्वतःच अडकली. मुलगी सोफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "मावशी, तुम्हाला त्रास नाही ना दिला?"

पुढे केलेला पाण्याचा पेला बारकीने तसाच धरून ठेवला. तो आवाज बारीक, स्वच्छ होता. शब्दाच्या शेवटी किंचित वर चढणारा. बारकी स्वतः तशी बोलायची, तरुणपणी. 'ना' नंतरचा तो थांबासुद्धा तिचा होता. समोर एक परकी मुलगी बसून तिच्याच गेलेल्या आवाजात तिच्याशी बोलत होती, आणि बोलताना त्या मुलीच्या मानेच्या शिरा ताणल्या जात होत्या.

मुलगी बोलत राहिली. ती एका कचेरीत फोन घ्यायचं काम करते. आधी लोक तिला फोनवर 'साहेब' म्हणायचे, म्हणून कचेरीत हशा व्हायचा. शाळेतही तेच. "माझा मूळचा आवाज फार वाईट आहे," ती म्हणाली. "मग मी आईसारखं बोलायला शिकले. कॅसेट लावायची आणि तिच्याबरोबर बोलायचं. लहानपणी परीक्षेला जाताना रोज लावायचे ते वाक्य. तू जाऊन ये, मी इथंच आहे. आता सवय झालीय. पण घसा दुखतो हो. घशाच्या डॉक्टरांकडे गेले तर म्हणाले, आतल्या पट्ट्या सुजल्यात, तुम्ही तुमच्या आवाजात बोलतच नाही. असंच चाललं तर पुढे आवाजच राहणार नाही म्हणाले." ती हसली, घशावर हात ठेवून. "मी म्हटलं, गेला तर जाऊ दे, पण तोवर आईचा वापरते."

नवऱ्याने आतून चहा आणून ठेवला, दोघींची तोंडं बघितली आणि भाजी आणायच्या निमित्ताने तो बाहेर पडला. घरात भाजी होती. काहीतरी विचारायचं म्हणून बारकीने तिच्या वडिलांची चौकशी केली. ते बरे आहेत, मुलगी म्हणाली. दुसरं लग्न त्यांनी केलं नाही. बोलणं कमीच. "आईचा सिनेमा ते कधीच पूर्ण बघत नाहीत. सुरू झाला की उठून बाहेर जातात. एवढ्या वर्षांनीसुद्धा सहन होत नाही त्यांना. कॅसेट पहिल्यांदा त्यांनीच दाखवली होती मला. मी हट्ट धरला होता म्हणे, आई कशी बोलायची ते सांगा म्हणून." मग ती म्हणाली, की सकाळी ती त्यांना पेपर वाचून दाखवते, तेवढीच काय ती दोघांची गप्पांची वेळ.

"नंबर वाढलाय का त्यांचा?" बारकीने सवयीने विचारलं. "घेऊन ये दवाखान्यात, मी बघते."

"छे हो, डोळे ठणठणीत आहेत. सुईत दोरा ओवतात. पण पेपर मात्र माझ्याकडून वाचून घेणार. हट्टच आहे तो."

बारकीला ते जरा नवलाचं वाटलं, पण तेव्हा ती त्याच्यामागे गेली नाही. ती उठली आणि कपाटातून जुना फोटो काढून आणला. हसवायचं आणि पाठवून द्यायचं, असं ठरलं होतं ना. सिनेमाच्या वेळचा फोटो, बहुधा चावीवाल्याने काढलेला. झिपरी तोंड उघडं टाकून कुणावर तरी ओरडते आहे, मालक पाठमोरा, आणि बाजूला तो कपाटाचा आरसा. मुलीने फोटो हातात घेतला, जवळ नेला, आणि एकदम फुटली. "मावशी, ह्यात तुम्ही कुठायत? आरशालाच पाय फुटलेत की नुसते!" आणि ती हसली, पोटातून, मान मागे टाकून, घशाचं सगळं भान सुटून.

कपाट लावायला वळलेल्या बारकीने दरवाजा तसाच धरून ठेवला. घोगरा, जाडा, मधेच फाटणारा, वाळूवरून खुर्ची ओढल्यासारखा तो आवाज खोलीत आला. तिला वळून बघायची हिंमत झाली नाही. झिपरी मागे सोफ्यावर बसली होती. तेवढ्यात मुलीने खाकरून घसा साफ केला आणि ती पुन्हा बारीक आवाजात म्हणाली, "सॉरी हं. हसले की असं होतं."

सांगायचं नाही असं पक्कं ठरलेलं होतं. पण ही मुलगी, बारकीच्या लक्षात आलं, आपल्या आईचा गळा आपल्याच हाताने दाबत होती, आणि तेही आईच्या प्रेमापोटी. हे बघून गप्प बसणं बारकीला जमेना. ती येऊन समोर बसली. तिला भीती वाटत होती, अगदी लहान मुलाला वाटते तशी. तिने सगळं सांगितलं, रेकॉर्डर, गोधड्या, झारीचा पाऊस, बसलेला घसा. सांगताना ती मुलीकडे बघत नव्हती, तिच्या गुडघ्यावरच्या फोटोकडे बघत होती.

"खोटं," मुलगी म्हणाली. मग म्हणाली, "म्हणून दाखवा."

बारकीने म्हटलं. "तू जाऊन ये. मी कुठं जातेय? इथंच आहे." आवाज झिजलेला होता, पण वाक्याचा चढउतार तोच. 'इथंच'वर दिलेला तो भार दुसऱ्या कुणाला ठाऊक असणं शक्य नव्हतं. मुलीचं तोंड हळूहळू पांढरं पडत गेलं.

"मला तुमचा आवाज ऐकत झोप लागायची," ती म्हणाली. राग नव्हता त्यात, आभारही नव्हते. "मग माझी आई कुठाय त्यात?"

"ओठ तिचे आहेत," बारकी म्हणाली. "ती जिथे थांबलीय तिथेच मी थांबलेय. श्वास घेतलाय तिथेच घेतलाय. मी नुसते तिचे ओठ वाचत होते गं." हे पुरेसं नाही, हे तिला बोलतानाच कळत होतं. "आणि मघाशी तू हसलीस ना, तो तिचा आवाज. तसाच. मला इतके दिवस आठवत नव्हता."

"माझा आवाज घाणेरडा आहे."

"तिचाही होता," बारकी बोलून गेली आणि तिने जीभ चावली. दोघींना एकदम हसू येता येता राहिलं. मुलगी फोटोवरून अंगठा फिरवत होती, झिपरीच्या उघड्या तोंडावरून. मग तिने मान वर केली. "बाबांना माहीत असणार."

खोटं बोलायला अजूनही जागा होती. पण बारकीला आता त्या ठणठणीत डोळ्यांच्या माणसाचं कोडं सुटलं होतं. एका पोरीने आई कशी बोलायची असं विचारलं, आणि त्या बिचाऱ्याजवळ द्यायला दुसरं काही नव्हतं, म्हणून त्याने कॅसेट लावली होती. मग दर वेळी बायकोच्या तोंडून परक्या बाईचा आवाज ऐकण्यापेक्षा तो उठून बाहेर जात होता. "पेपर कधी वाचायला लावतात तुला?" तिने विचारलं.

"सकाळी. उठल्या उठल्या. चहासुद्धा पिऊ देत नाहीत आधी. तेव्हा तर माझा आवाज लागलेलाही नस..." मुलगी थांबली. बारकीला तिच्या तोंडाकडे बघवेना. मुलगी आवाज न करता रडली, हाताची पाठ तोंडावर दाबून, आणि बारकी तिच्या शेजारी जाऊन बसली, पण तिला जवळ घ्यावं की नाही ते तिला कळेना. आपण हिचे कोण? इतकी वर्षं हिला निजवणारी बाई, की हिच्या आईच्या जागी उभी राहिलेली? शेवटी तिने गार झालेला चहा उचलून आत नेला आणि गरम करून आणला.

परत आली तेव्हा मुलीने फोन हातात घेतला होता. तिने आवाज पूर्ण बंद केला आणि ते दृश्य लावलं. करडा उजेड, डाग, खिडकी. झिपरी पाठमोरी. मग वळली आणि तिचे ओठ हलले. नुसतेच. आवाज नसताना तिचे डोळे जास्त दिसत होते, आणि ती किती लहान होती तेही, या समोरच्या मुलीपेक्षाही लहान. मुलीने ते पुन्हा लावलं, आणखी एकदा लावलं. झिपरी वळत होती, काहीतरी सांगत होती, आणि काही ऐकू येत नव्हतं. बारकीला वाटलं, आपण केलं ते चुकलं, होती ती आईही आपण हिच्याकडून काढून घेतली, आता ही रोज हे असं मुकं चित्र बघत बसेल. 'बंद कर' असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

चित्र पुन्हा सुरू झालं. झिपरी वळली आणि मुलीने न खाकरता, न ताणता, जसा आला तसा आवाज सोडला. "तू जाऊन ये," ती म्हणाली. पहिला शब्द ओठांच्या आधीच निसटला, दुसरा कसाबसा जाऊन बसला. "मी कुठं जातेय?" इथे आवाज फाटला. "इथंच आहे." आणि खिडकीतली ती मोकळ्या केसांची मुलगी बोलली. पहिल्यांदाच बोलली. बारकीला ती अंगणातून हाका मारताना ऐकू आली, मालकाला शिव्या देताना, पत्रातल्या चुका स्वतःच वाचून हसताना, तूच बरी बोलतेस माझं म्हणताना, सगळं त्या जाड्या, वाईट आवाजात. आणि ती मेली आहे हेही बारकीला पहिल्यांदाच नीट कळलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते तिने पुसलं नाही.

मुलीने फोन पालथा ठेवला. मग त्याच आवाजात, परीक्षेचा निकाल विचारावा तसं घाबरत तिने विचारलं, "जमलं?"

"जरा घाई केलीस," बारकी म्हणाली. "तीही करायची."